ड्रोन नजरेच्या टप्प्यात: हौशी उड्डाण शिकणाऱ्यांसाठी

वाईच्या बाहेर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मी माझा ड्रोन पहिल्यांदा हरवला. हवा शांत होती, बॅटरी निम्म्याहून जास्त होती आणि स्क्रीनवर कृष्णेचं वळण इतकं सुरेख दिसत होतं की मी दोन-अडीच मिनिटं मान वर केलीच नाही. केली तेव्हा आकाश रिकामं होतं. ड्रोन माझ्यापासून जेमतेम पावणेदोनशे मीटरवर होता, आवाजही अधूनमधून येत होता, पण दिसत नव्हता. घाबरून स्टिक मागे ओढली, तर अंतराचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला, कारण ड्रोनचं तोंड माझ्याकडे होतं आणि मला वाटत होतं पाठ आहे. शेवटी घरी परतायचं बटण दाबलं. परतीची उंची मी 20 मीटरवर ठेवली होती आणि वाटेत नीलगिरीची रांग होती, ती त्याहून उंच. ड्रोन फांद्यांत आपटला आणि पलीकडच्या उभ्या उसात पडला.

उसात पडलेला ड्रोन शोधणं काय असतं, ते ज्यानं शोधलंय त्यालाच कळतं. ॲपमध्ये शेवटचं ठिकाण होतं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. शेताच्या मालकांना विचारून आणि त्यांना सोबत घेऊनच आम्ही आत शिरलो. जुन्नर-आंबेगावकडे असाल तर तेवढ्यावरही शिरू नका. तिकडच्या उसात बिबट्या असतो, आणि कुठलाही ड्रोन जिवाहून महाग नाही.

त्या दिवसापासून नवीन माणसाला शिकवताना माझी सुरुवात एकाच गोष्टीनं होते. ड्रोन आपल्या उघड्या डोळ्यांना दिसला पाहिजे आणि त्याचं तोंड कुठे आहे तेही कळलं पाहिजे. इंग्रजीत याला व्हिज्युअल लाइन ऑफ साइट म्हणतात, आपण नजरेचा टप्पा म्हणू. बाकीचे बहुतेक नियम या एका सवयीच्या आधारानं उभे आहेत. पुढे जे लिहिते आहे ते भारतातल्या नियमांनुसार, महाराष्ट्रात हौसेसाठी उडवणाऱ्यांसाठी.

आधी वजन करा

ड्रोन उडवण्याआधी काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चालतो, नसेल तर वाण्याकडे जा. बॅटरी, मेमरी कार्ड, पंख्यांची जाळी, लेन्सवरची काच, ओळखीसाठी लावलेली रंगीत पट्टी, सगळं चढवून वजन करायचं, कारण नियमात मोजलं जातं ते उडताना असणारं एकूण वजन. माझा ड्रोन खोक्यावर 249 ग्रॅमचा होता. पंख्यांभोवती जाळी लावून किराणा दुकानात ठेवला तेव्हा काट्यानं 283 दाखवले. म्हणजे जाळी लावली की माझा नॅनो ड्रोन मायक्रो होतो आणि त्याचे नियम बदलतात.

भारतात ड्रोन नियम 2021, म्हणजे 25 ऑगस्ट 2021 ला अधिसूचित झालेले आणि नंतर 2022 व 2023 मध्ये दुरुस्त झालेले नियम लागू आहेत. त्यातली वर्गवारी वजनावर आहे. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंत मायक्रो, 2 ते 25 किलो स्मॉल, मग मिडियम आणि 150 किलोच्या पुढे लार्ज. हौशी माणसाचा संबंध बहुधा पहिल्या दोन वर्गांशीच येतो.

आता एक बारकावा, जो दुकानदार सांगत नाहीत. या नियमांमध्ये ‘मॉडेल’ म्हणून एक प्रकार आहे. 25 किलोपर्यंतचा ड्रोन फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा करमणुकीसाठी वापरला जात असेल आणि नजरेच्या टप्प्यात उडत असेल, तर तो मॉडेल ठरतो, आणि त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या जातीच्या ड्रोनचं सरकारी तपासणी प्रमाणपत्र लागत नाही. नॅनोला ते तसंही लागत नाही. मायक्रो ड्रोनवाल्यानं मात्र व्याख्येतला शेवटचा तुकडा पुन्हा वाचावा. सवलत मिळते ती नजरेच्या अटीवर. ड्रोन डोंगराआड नेला की तुम्ही त्या व्याख्येच्या बाहेर गेलात.

कागदपत्रं

हे पटकन आटोपते, कारण वाटतं तितकं अवघड नाही.

ड्रोनची नोंदणी करून यूआयएन, म्हणजे त्याचा स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो. गाडीची नंबर प्लेट असते तसा. नोंदणी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ऑनलाइन पोर्टलवर होते आणि नियमात तिचं शुल्क 100 रुपये ठेवलं आहे. नॅनोला नोंदणी नको हा गैरसमज आहे, तीही करायची. नॅनोला सूट आहे ती थर्ड पार्टी विम्यातून. मायक्रोपासून पुढे विमा हवा.

रिमोट पायलट सर्टिफिकेट नॅनोला लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही. पण मित्राच्या लग्नात मायक्रो ड्रोन उडवून त्याचे पैसे घेतले की ती हौस राहिली नाही, तो व्यवसाय झाला. मग मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र काढायचं. त्यासाठी वय 18 ते 65 आणि दहावी पास असावं लागतं, आणि प्रमाणपत्र 10 वर्षं चालतं.

एक सूचना परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी. अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या दादाला ‘येताना ड्रोन घेऊन ये’ असं सांगू नका. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनची आयात भारतात बंद आहे. अपवाद संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठीचे, तेही मंजुरीनं. सुटे भाग आणता येतात, पूर्ण ड्रोन नाही. बिचाऱ्या दादाचा कस्टम्सच्या काउंटरवर अर्धा दिवस जाईल आणि ड्रोनही जाईल. उलट, तिकडे स्थायिक असलेल्यांनी तिकडचे नियम पाहावेत. अमेरिकेत हौशी उडवणाऱ्याला ट्रस्ट नावाची मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. नजरेच्या टप्प्याचा नियम मात्र तिथेही आहे.

नॅनो ड्रोन 50 फुटांच्या वर नेता येत नाही, असं अजूनही लोक ठामपणे सांगतात. तो जुन्या नियमांचा अवशेष आहे. पोलिसांना 24 तास आधी कळवण्याची अटही 2018 च्या नियमांतली. आज ती सरसकट सक्ती नाही, तरी नव्या गावात उडवण्याआधी मी कळवते. त्याचं कारण पुढे येईलच.

नकाशा, आणि नकाशात नसलेलं

सरकारचा डिजिटल स्काय नकाशा मोफत पाहता येतो. त्यात देश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेला आहे. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्मी होते, 200 फूट. त्याहून आत किंवा त्या उंचीच्या वर गेलात की पिवळा पट्टा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. विमानतळाला लागून असलेला भाग आणि लष्करी ठिकाणं लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पंखा फिरवायचा नाही. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

पुणेकरांना हा नकाशा पाहून वाईट वाटतं. लोहगावचा तळ, खडकवासल्याची एनडीए, कॅन्टोन्मेंटं, देहूरोड, शहराभोवती लष्कर आहेच. नाशिकला देवळाली आणि ओझर. गोव्यात तर दाबोळीला नौदलाचा तळ आणि उत्तरेला मोपाचा विमानतळ, त्यामुळे किनाऱ्यावर बसल्या जागी ड्रोन काढण्याआधी नकाशा पाहायलाच हवा.

पण नकाशा हिरवा आहे म्हणजे मोकळीक आहे असं समजू नका, नवीन माणूस हमखास चुकतो तो इथेच. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी तातडीच्या कारणासाठी एखादा भाग जास्तीत जास्त 96 तासांसाठी लाल जाहीर करू शकतो. मुंबईत पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर काढतात, आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, विसर्जन, मोठी यात्रा असेल तर त्या दिवसाचा स्थानिक आदेश पाहा. गर्दीच्या डोक्यावर तर कधीच नेऊ नका, आदेश असो वा नसो. ढोलांच्या गजरात पंख्याचा आवाज कुणाला येणार नाही आणि ड्रोन खाली आला तर कुणाला बाजूला व्हायला जागा नसेल.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले किल्ले, लेणी आणि मंदिरं यांवर परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. अभयारण्यात वन खात्याची परवानगी लागते. रायगडावरून सूर्योदय टिपावा असं कुणाला वाटणार नाही? मलाही वाटतं. पण आधी अर्ज करायचा. तिथे शिकायला तर जाऊच नये.

शिकण्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पीक निघालेलं मोकळं रान किंवा पडीक माळ. जमीन ज्याची, त्याला विचारा. सरपंचांना, पोलीस पाटलांना सांगून ठेवा आणि हे फक्त शिष्टाचार म्हणून करू नका. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात आणि मागून चोर येतात, अशी चर्चा पसरली होती. गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. ज्या गावानं अशा रात्री काढल्या आहेत, तिथे अनोळखी माणसानं न सांगता ड्रोन वर सोडणं हे त्या लोकांशी वाईट वागणं आहे. सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी चहा मिळतो आणि पोरं गोळा होतात. त्या पोरांना मागे दहा-पंधरा पावलांवर एका रांगेत उभं करा.

आणि कुणाच्या अंगणावर, गच्चीवर, नदीच्या घाटावर अंघोळ करणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नका. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण हा न्याय संहितेच्या कलम 77 खालचा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते करायचं नसतंच.

नजरेचा टप्पा म्हणजे किती?

नियमात मीटरचा आकडा नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. टप्पा डोळ्यांवर, ड्रोनच्या आकारावर, मागच्या आकाशावर आणि उजेडावर ठरतो. पण अंदाज यावा म्हणून हा हिशोब करून पाहा.

नॅनो ड्रोन साधारण वीतभर असतो, पंचवीसेक सेंटिमीटर. तो 100 मीटरवर गेला, म्हणजे क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या लांब, की हात पूर्ण लांब करून चिमटीत धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. 150 मीटरवर खसखशीचा दाणा. 300 मीटरवर त्याच्याही निम्मा. चांगली नजर असलेल्या माणसाला तो त्याच्याही पुढे ठिपका म्हणून दिसू शकतो, पण ठिपक्याला पुढचं आणि मागचं नसतं. मोहरीच्या दाण्याचं तोंड कुठे, हे सांगता येत नसेल तर तो दिसतोय म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून स्वतःचा टप्पा मोजा. मी शिकवते त्या प्रत्येकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे करून घेते. ड्रोन 30 मीटर उंचीवर आणि 40 मीटर लांब थांबवायचा. रिमोट अनुभवी माणसाकडे, तुम्ही फक्त वर बघायचं, स्क्रीनकडे नाही. तो ड्रोन जागच्या जागी फिरवेल आणि विचारेल, तोंड कुठे? तुम्ही सांगायचं: माझ्याकडे, डोंगराकडे, डावीकडे. पाचपैकी पाच बरोबर आली की 20 मीटर लांब. पुन्हा पाच. ज्या अंतरावर पहिली चूक झाली, त्याच्या आधीचं अंतर हा तुमचा टप्पा.

माझ्या पन्नाशीतल्या डोळ्यांना, चष्म्यासकट, छोट्या ड्रोनसाठी हा आकडा स्वच्छ निळ्या आकाशात 120 मीटर आला. ढगाळ दिवशी 80. संध्याकाळी सूर्य समोर असताना 60 च्या आत. भाचा सोळा वर्षांचा, त्याचा 160. त्यानं आपला आकडा कागदी टेपवर लिहून रिमोटच्या मागे चिकटवला आहे, तो लगेच उचलावा असाच प्रकार आहे. ॲपमध्ये जास्तीत जास्त अंतराची मर्यादा घालता येते, तिथेही तोच आकडा टाका. खोक्यावर कितीही किलोमीटर लिहिलेले असोत, ते सिग्नलचं अंतर आहे. सिग्नलला डोळे नसतात.

चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स चालते, दुर्बीण चालत नाही. दुर्बिणीत ड्रोन मोठा दिसतो, पण त्याच्या शेजारून येणारी घार, पतंग, पॅराग्लायडर काहीच दिसत नाही. एफपीव्हीचा, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य डोळ्यांसमोर दाखवणारा, बंद चष्मा घालून उडवण्यात मजा आहे हे मान्य. पण तो घातला की उडवणाऱ्याची नजर ड्रोनवर नसते, म्हणून नवख्यांनी त्याच्या वाटेला पहिलं वर्षभर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारी उभा राहून आकाश बघणारा जोडीदार मात्र नेहमी ठेवा. त्याचं काम तोंडानं बोलत राहणं. ‘उजवीकडून घार येतेय.’ ‘दोन माणसं बांधावरून येताहेत.’ ‘तारेजवळ चाललास.’ आमच्या घरी हे काम आई करते. तिला ड्रोनमधलं काही कळत नाही, पण नजर पक्की आहे आणि ती बोलायला कचरत नाही.

पहिलं उड्डाण

वेळ सकाळची, ऊन तापण्याआधीची. वारा पडलेला असतो. सूर्य पाठीशी येईल असे उभे राहा. चारचाकीचं बॉनेट, आरसीसी गच्ची, विहिरीवरची लोखंडी जाळी यांवरून टेकऑफ करू नका, लोखंडानं ड्रोनमधला होकायंत्र गोंधळतो. जमिनीवर जाड पुठ्ठा किंवा रबरी चटई टाका, नाहीतर धूळ मोटरमध्ये जाते.

पंख्यांवर बोट फिरवून बघा, कुठे खाच आहे का. छोटीशी खाच असली तरी पंखा बदला. बॅटरी फुगलेली वाटली तर ती वापरायचीच नाही. ड्रोन चालू करून उपग्रह मिळेपर्यंत आणि होम पॉइंटची, म्हणजे परत यायच्या जागेची, नोंद झाल्याची सूचना येईपर्यंत थांबा. या अर्ध्या-एक मिनिटाची घाई पुढे फार महागात पडते. मग परतीची उंची ठरवा. आजूबाजूचं सगळ्यात उंच झाड, मोबाइलचा टॉवर किंवा विजेचा खांब पाहा आणि त्याच्या वर 15-20 मीटर जास्त ठेवा. नीलगिरीनं मला शिकवलेला धडा हाच.

विजेच्या तारांविषयी वेगळं सांगते. शेतावरून गेलेली 11 केव्हीची तार कॅमेऱ्यात दिसत नाही, वर बघितल्यावरही उशिरा दिसते. खांब शोधा. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरा. ड्रोन तारेत अडकला तर बांबूनं काढायला जाऊ नका. महावितरणच्या वायरमनला फोन करा आणि त्यानं लाइन बंद करून काढेपर्यंत मुलांना लांब ठेवा.

आता हातात रिमोट. नेहमीच्या मांडणीत डावी स्टिक वर-खाली केली की ड्रोन चढतो-उतरतो, डावी-उजवी केली की जागेवर वळतो. उजवी स्टिक पुढे-मागे आणि बाजूला नेते. छातीएवढ्या उंचीला नाही, त्याहून वर, साधारण 5 मीटरवर न्या आणि काहीच करू नका. एक मिनिट नुसतं बघा. आवाज ऐका. वाऱ्यानं हलतो आणि स्वतःच जागेवर येतो, ते बघा. मग हे धडे, एकेक पूर्ण जमल्यावरच पुढचा:

1. ड्रोनची पाठ तुमच्याकडे ठेवून चौकोन. 10 मीटर पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे. मोबाइल खिशात किंवा स्क्रीन झाकलेली.
2. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे करून तोच चौकोन. आता डावं-उजवं उलटं होतं. सगळे इथेच अडखळतात. माझ्या हातातून हा चौकोन नीट उमटायला चार सकाळी लागल्या.
3. आडवा आठ. यात तोंड सतत फिरत राहतं, म्हणून हाच खरा सराव.
4. 60 मीटरवर नेऊन, स्क्रीन न बघता, सरळ रेषेत परत आणणं.

हे चार होईपर्यंत व्हिडिओ काढू नका. त्यानंतर काढा, पण लय पाळा. दोन मोजेपर्यंत स्क्रीन, मग वर. मान वर केल्यावर डोळ्यांना जवळच्या पडद्यावरून लांबच्या आकाशावर यायला आणि ड्रोन शोधायला दोन-तीन सेकंद जातात. ताशी 36 किलोमीटरनं जाणारा ड्रोन तेवढ्यात 20-30 मीटर सरकलेला असतो.

वारा असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा मदत करेल. उलटं केलंत तर परतीला बॅटरी भराभर संपते. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की परत फिरा.

दिसेनासा झाला तर

पहिली गोष्ट, दोन्ही हात स्टिकवरून सोडा. जीपीएसवाला ड्रोन जागीच थांबतो. मागे ओढण्याची उबळ येते, ती आवरा. मी तेच केलं होतं.

मग स्क्रीनवरच्या छोट्या नकाशातला बाण बघा आणि ड्रोन कुठल्या दिशेला आहे ते ठरवा. त्या दिशेला आकाशाचा एकच तुकडा, क्षितिजापासून वर, सावकाश चाळा. दिसला नाही तर 5-10 मीटर वर चढवा, कारण हलणारी वस्तू डोळ्यांना लवकर सापडते आणि वर जाण्यात आपटण्याचा धोका कमी असतो. दिसला पण तोंड कळत नाही, तर उजवी स्टिक पुढे हलकी ढकला आणि तो कुठे सरकतो ते बघा. लांब गेला तर पाठ तुमच्याकडे, जवळ आला तर तोंड. दहा सेकंदांत काहीच जमलं नाही तर परतीचं बटण. परतीची उंची आधी नीट ठरवली असेल, तर हा उपाय अगदी शांत असतो.

घार मागे लागली तर घाबरून खाली आणू नका. घार झडप वरून घालते. सरळ वर चढवा, मग बाजूला काढून सावकाश उतरवा आणि त्या दिवशी त्या जागी पुन्हा उडवू नका. तिचं घरटं जवळ असेल. संक्रांतीच्या आठवड्यात तर ड्रोन कपाटातच बरा, मांजा दिसत नाही.

माणसं असलेलं कुठलंही विमान, हेलिकॉप्टर किंवा पॅराग्लायडर दिसला, नुसता आवाज आला, तरी वाट त्याची. ताबडतोब खाली या. कामशेत आणि पाचगणीकडे उडवणाऱ्यांनी हे पाठच करावं. पॅराग्लायडरवाला वळून तुम्हाला चुकवू शकत नाही आणि त्याच्या दोऱ्यांत पंखा गेला तर काय होईल ते सांगायला नको.

डोंगरावरची उंची

सह्याद्रीत राहणाऱ्यांना ही एक गोष्ट वेगळी शिकावी लागते. स्क्रीनवरची उंची ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते, आणि 120 मीटरची मर्यादा ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून मोजायची. कड्यावर उभं राहून ड्रोन 10 मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला, तर स्क्रीन 10 च दाखवते, पण खाली 300 मीटर दरी असली तर तुम्ही मर्यादेच्या कितीतरी वर आहात. शिवाय कड्याला लागून वर चढणारा वारा छोट्या ड्रोनला पानासारखा उचलतो.

उलट, पायथ्यापासून उडवून डोंगराकडे नेला तर जमीनच वर येत राहते. परतीची उंची 40 मीटर आणि मधला टेकाड 60 चा, तर ड्रोन सरळ टेकाडात जाणार. अशा जागी परतीच्या बटणावर विसंबू नका. कड्याच्या काठापासून 30 मीटर आत, सपाटीवर उभे राहा आणि ड्रोन तुमच्या आणि काठाच्या मधेच ठेवा. फोटो तिथूनही सुंदर येतात.

उतरल्यावर

बॅटरी गार होऊ द्या, गरम असताना चार्जिंगला लावू नका. आठवडाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. विमानप्रवासात बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर टेप लावून.

मी शाळेची दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, जागा, वारा, किती मिनिटं, कुठली बॅटरी, आणि शेवटच्या रकान्यात ड्रोन किती वेळा नजरेतून सुटला. पहिल्या महिन्यात तिथे चार, तीन, पाच असे आकडे आहेत.

अपघात झाला तर तो 48 तासांच्या आत पोर्टलवर कळवणं बंधनकारक आहे. कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस, मग पोर्टल. कुणाच्या पिकाचं, पत्र्याचं, गाडीच्या काचेचं नुकसान झालं तर स्वतः जाऊन सांगा आणि भरून द्या. मी वाईच्या त्या शेतमालक काकांना मोडलेल्या उसाचे पैसे द्यायला गेले होते. त्यांनी घेतले नाहीत, पण पुढच्या रविवारी स्वतःच्या विहिरीजवळची मोकळी जागा दाखवली आणि म्हणाले, इथे उडवत जा, इथून तारही लांब आहे आणि झाडंही.